हात उशाला नव्हता

मुंबईतल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर पानं लावतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. सोमवारी सकाळी मांडव्याहून बोटीनं जायचं आणि शनिवारी दुपारी परत यायचं, असं गेली पंधरा वर्षं चाललंय. मधल्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी कॉमिक काढतो. मशीन रिकामं असलं की तिथंच छापतो, हातानं घड्या घालतो, दोन पिना मारतो. शंभर प्रती निघाल्या की माझ्या दृष्टीनं पुस्तक प्रकाशित झालं.

हा नाद मला काकामुळे लागला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तो मुंबईच्या धक्क्यावर हमाली करायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. येताना रद्दीवाल्याकडून कॉमिकांचा गठ्ठा आणायचा. कव्हर फाटलेली, शेवटची पानं गेलेली. शिक्षण दुसरीपर्यंतच, त्यामुळे अक्षरं लावायला त्याला वेळ लागे. म्हणून तो चित्रं वाचायचा, आणि माझ्याकडूनही तशीच वाचून घ्यायचा.

"हा मानूस या चौकोनात दारात उभा हाय," तो बोट ठेवून म्हणायचा, "नि पुढच्या चौकोनात घोड्यावर. मधी काय झालं?"

"ते काढलंच नाय, काका."

"म्हनून तर इचारतंय. नाय काढलं ते तू बघायचं."

मी घोड्यावर चढायचो, लगाम धरायचो, तबेल्याचं दार उघडायचो, हे सगळं त्या दोन चौकोनांमधल्या पांढऱ्या पट्टीत. पुढं मोठेपणी चित्रकलेच्या वर्गात कुणी कुणी बरंच काही शिकवलं, पण कॉमिक काढायला लागलो तेव्हा उपयोगी पडलं ते हेच.

मोठा झाल्यावर गठ्ठे आणायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईत वर्षाकाठी दोन-तीनदा माझ्यासारखी माणसं एखाद्या हॉलमध्ये टेबलं मांडून स्वतः छापलेली पुस्तकं विकतात, एकमेकांना देतात. तिथून मी काकासाठी मुद्दाम बिनशब्दांची पुस्तकं निवडून आणायचो. एका मुलीनं आपल्या आजारी आईच्या फक्त हातांवर सोळा पानं काढली होती. एका केरळच्या माणसानं होडी रंगवण्याचा एक दिवस काढला होता, त्यात माणूस कुठंच नव्हता, नुसती होडी, ब्रश आणि सरकणारी सावली. हे पुस्तक काकाला फार आवडलं. तोवर तो हमाली सोडून गावाबाहेरच्या एका बंगल्यावर राखण करायला लागला होता. मालक मुंबईचे, महिन्यातून एकदा येणारे. फाटकाजवळच्या खोलीत काका ते पुस्तक उशाशी ठेवायचा.

आता उघाडीचं सांगायला हवं.

आमचं गाव खाडीकाठचं. एके काळी भातशेती खाडीच्या पातळीखाली होती आणि मधे चिखलाचा उंच बांध होता. बांधात एका ठिकाणी दगडी चौकटीत लाकडी दारं बसवलेली असत. ओहोटीला शेतातलं पाणी दारं ढकलून बाहेर जायचं आणि भरतीला खाडीच्या पाण्यानंच ती घट्ट मिटायची. तीच उघाडी. तिच्यावर लक्ष ठेवायला गावानं एक माणूस नेमलेला असे. मी सात वर्षांचा होतो तेव्हा तो माणूस काका होता. त्या मे महिन्यात, उधाणाच्या भरतीला, उघाडीशेजारी बांध फुटला. आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. गावाची सगळी खारजमीन खाऱ्या पाण्याखाली गेली. दोन पावसाळे खांड बुजली नाही, शेतांत तिवरं उगवली, आणि भात कायमचं संपलं. कुणी ट्रक घेतला, कुणी मुंबई धरली.

मी तेव्हा सुट्टीत मामाकडे होतो. परत आलो तेव्हा गावात एक नवी म्हण तयार झाली होती. शाळेत कुणी पेंगला, पंगतीत कुणाला डुलकी लागली, की बाकीचे म्हणायचे, "उघाडीवर बसला वाटतं." काका झोपला आणि गाव बुडालं, ही गोष्ट मला कुणी बसून सांगितली नाही. त्या म्हणीतूनच ती मला कळली. मीही ती म्हण वापरायचो, शाळेत, आणि पुढं छापखान्यातसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी मी खांडीवर कॉमिक काढलं. अठ्ठावीस पानं, काळी शाई. मधल्या जोडपानावर एक माणूस बांधावर आडवा पडलाय, हात उशाला, तोंडावर ऊन, आणि त्याच्या मागून पानभर पाणी येतंय. चेहरा काकाचा नव्हता, पण अंगकाठी त्याचीच होती. मी मनाशी म्हणायचो की हे त्याच्याबद्दल नाही, हे एका थकलेल्या माणसाबद्दल आहे, त्याला मी दोष देत नाही. मुंबईच्या टेबलावर त्या जोडपानाशी लोक थांबायचे. एक बाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती शांत झोपलाय." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. साठेक प्रती त्या मेळाव्याच्या दोन दिवसांतच गेल्या.

काकाला मी ते दाखवलं नाही. इतर सगळ्यांची पुस्तकं त्याला नेऊन देणारा मी, माझं मात्र पिशवीत ठेवून परत मुंबईला न्यायचो. असे चार-पाच महिने गेले. एका रविवारी पिशवी त्याच्या खोलीत ठेवून मी बंगल्याच्या नळावर हात धुवायला गेलो. परत आलो तर तो खाटेवर बसला होता आणि माझं पुस्तक त्याच्या मांडीवर उघडं होतं.

तो पहिल्या पानापासून बघत होता. मी दारातच उभा राहिलो. आत जावं की नाही ते कळेना. तो प्रत्येक चौकोनावर बोट ठेवत होता, तसंच, पूर्वीसारखं. जोडपानावर तो थांबला. मग पुढची सगळी पानं पाहिली, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"उघाडीचं दार उलटं काढलंस," तो म्हणाला. "शेताकडं उघडतंय हे. शेताकडं उघडलं तर खाडी आत नाय का येनार? खाडीकडं उघडतंय ते."

"चुकलं," मी म्हणालो.

"बांध बरा काढलास."

त्यानं जोडपान माझ्याकडं वळवलं.

"आडवा व्हतो ते बरोबर हाय. हात उशाला नव्हता." मग तो म्हणाला, "हात उचलतच नव्हता."

मी खाली, त्याच्या खाटेशी बसलो. माझं वय तेव्हा अडतीस. लहानपणापासून मी या माणसाच्या मांडीला मांडी लावून पुस्तकं वाचली होती. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "काका, त्या दिवशी काय झालं?"

त्यानं लगेच सांगितलं. जणू कुणी विचारायचीच वाट होती. आवाज चढवला नाही, मधे थांबला नाही.

अमावास्या होती. भरती दुपारी बाराच्या पुढं भरणार होती. साडेदहाच्या सुमारास त्यानं पाहिलं, कुठल्या तरी मोडक्या होडीचं फळकूट वाहत येऊन दाराच्या जबड्यात अडकलंय. दार मिटेना. पाणी आत यायला लागलं आणि चौकटीशेजारचा चिखल आतून सुटायला लागला. एकट्याचं काम नव्हतं. पाच-सहा माणसं, घमेली आणि पेंढा मिळाला असता तर तासाभरात आवरलं असतं. तो गावाकडं पळत सुटला.

गाव मैदानावर होतं. क्रिकेटची फायनल होती, आमचं गाव आणि पलीकडचं गाव. बांबूवर भोंगा लावला होता.

"मी हद्दीवरनंच ओरडलो," काका म्हणाला. "उघाडी गेली, उघाडी गेली. भोंग्यापुढं माझा आवाज काय टिकतंय? मग मंडपाशी गेलो. माईकवर बोलत व्हता त्याला सांगतलं. त्यानं ऐकलं नि माईकवरच बोलला, 'उघाडीवाले आलेले हायत, त्यांना पन बॅटिंग पाह्यजे.' सगले हसले. बोलला, दोन ओव्हर ऱ्हायल्यात, जा पुढं, आलोच."

"मग?"

"मग काय. मी मागं गेलो. दाराला पाठ लावली. पानी छातीला आलं, गल्याला आलं, तवा बाजूचा बांधच गेला. मी कसा वर आलो ते मला नाय माहीत. ते आले तवा मी बांधावर पडलेलो. डोले मिटलेले. त्यांनी तसंच बघितलं."

"माईकवर कोण होतं?"

काका बाहेर, फाटकाकडे बघत राहिला. मला उत्तर त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या घरात भिंतीवर बाबांचा एक जुना फोटो आहे, हातात माईक धरलेला. आसपासच्या पाच गावांत त्यांच्यासारखं समालोचन करणारा नव्हता, असं लोक सांगायचे. मी मात्र त्यांना माईक धरलेलं कधी पाहिलं नाही.

"दादाला वाटलं नव्हतं एवढं व्हईल," काका म्हणाला.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं की. पयले दोन दिवस सांगतलं. मग दादा आला माझ्याकडं. बोलला, तू एकटा हायस, मला पोरंबालं हायत, गाव मला जगू द्यायचा नाय. रडला. मी त्याला कधी रडताना बघितला नव्हता." त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. "मग गप ऱ्हायलो."

बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. शेवटपर्यंत त्यांनी काकाचं ताट पहिलं वाढायला लावलं. मासळीतला मोठा तुकडा त्याला. मला वाटायचं, धाकट्या भावावर जीव आहे. जीव होताही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आई ओटीवर बोंबील निवडत बसली होती. मी तिला सरळ विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.

"भोंगा गावभर ऐकू यायचा," ती म्हणाली. "मी मागल्या दारी भांडी घाशीत व्हते. ऐकलं मी. हसले पन. मला काय ठाव?"

"आणि नंतर?"

"नंतर तुझा बाप घरी आला, चिखलानं भरलेला. मला बोलला, काय ऐकलं नाय असं समज. मी तसंच समजले." पुढचा बोंबील उचलून ती म्हणाली, "तू ते पुस्तक काढलंस तवा मी बघितलं व्हतं. मला वाटलं, काका तुला बोलंल. नाय तर मी बोलेन. मग नाय बोलले."

मुंबईला जाऊन मी उरलेल्या प्रती बांधून ठेवल्या. विकत घेणाऱ्यांपैकी ज्यांचे पत्ते किंवा फोन होते त्यांना कळवलं की या पुस्तकात एका जिवंत माणसाबद्दल खोटं आहे, कृपया परत पाठवा, मी नवीन देईन. अकरा प्रती परत आल्या. एकानं लिहिलं की त्यानं ती मित्राला दिली आणि मित्र परदेशी गेला. 'किती शांत झोपलाय' म्हणणाऱ्या बाईनं फोन केला. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण पुस्तक म्हणून हेच चांगलं आहे. तुम्ही दुरुस्त केलंत तर ते साक्षीसारखं होईल." तिचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. तिची प्रत तिच्याकडेच आहे. विकलेल्यांपैकी बाकीच्या पंचेचाळीसएक प्रती कुठं आहेत मला माहीत नाही. कुणाच्या तरी घरात काका अजून हात उशाला घेऊन झोपलेला आहे.

नवीन पुस्तक काढायला मला दीड वर्ष लागलं. दर शनिवारी पानं घेऊन काकाकडे जायचो. त्यानं दार सुलटं करून घेतलं. फळकुटाची जाडी सांगितली. पाणी गळ्याला येतं तेव्हा माणूस वर बघतो, खाली नाही, हे सांगितलं. मी ते पान सहा वेळा काढलं. सातव्यांदा तो "हां" म्हणाला आणि पान बाजूला ठेवून चहा करायला उठला.

भांडण झालं ते मैदानाच्या पानांवरून.

"दादाला काढू नको," तो म्हणाला.

"मग ते पुन्हा खोटंच होईल, काका."

"खोटं कर असं नाय बोलत. त्याचं तोंड नको काढू. मेलेल्या मानसाला बोलता येत नाय."

"तुलाही कुठं बोलता आलं?"

"मी जिता हाय ना," तो म्हणाला. "माझी गोष्ट निराली."

मी त्याचं अर्धं ऐकलं. तीन पानं मी नुसता भोंगा काढला, बांबूवरचा, प्रत्येक चौकोनात थोडा मोठा होत जाणारा, आणि त्यातून बाहेर येणारे ते शब्द. बाबा कुठंच दिसत नाहीत. पण शेवटच्या पानावर मी एक ओळ लिहिली, की तो आवाज माझ्या वडिलांचा होता. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही. मी मेल्यावर कोन सांगनार?" काकाला मात्र मी विचारलं नाही. छापून झाल्यावर त्याच्या हातात पुस्तक दिलं. ती एक ओळ त्यानं बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचली. मग पुस्तक खाटेवर ठेवलं आणि मला म्हणाला, "जा आता."

पुढचे सहा आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. मी शनिवारी फाटकाशी जायचो, तो झाडांना पाणी घालत असायचा, वर बघायचा नाही. मी नवीन आणलेली पुस्तकं फाटकावर ठेवायचो. पुढच्या वेळी ती तिथं नसायची, एवढाच काय तो दिलासा.

त्याच दिवसांत मी सात प्रती गावात नेऊन दिल्या. त्या मॅचला खेळलेल्यांपैकी सात जण अजून हयात होते. एकानं स्वतः न येता सुनेच्या हाती प्रत परत केली. एकजण म्हणाला, चष्मा बदलायचाय, बदलला की वाचीन. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका तरुण पोरानं लिहिलं की मी मुंबईत जाऊन गावाची बदनामी विकतो. त्याच्या बोलण्यावर वीस-बावीस अंगठे आले. बाकीच्यांनी काहीच म्हटलं नाही. रस्त्यात भेटले तर पूर्वीसारखेच बोलायचे, कधी आलास, बोटीला गर्दी होती का. पुस्तकाचं नाव नाही.

सातव्या आठवड्यात काकानं मला फाटकातून आत बोलावलं. कारण सांगितलं नाही. "ये" एवढंच म्हणाला. आम्ही त्याच्या खोलीबाहेर बसलो. मी माफी मागणार होतो. तो म्हणाला, "मागू नको. लिहून झालंय ना."

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी काठी वाजवली. खांड गेली त्या वर्षीचा आमच्या टीमचा कॅप्टन. आता सत्तरीच्या पुढचा, दोन्ही गुडघे गेलेले. त्याच्या घरापासून बंगला दीड किलोमीटर आहे आणि तो चालत आला होता. सदऱ्याच्या खिशात माझं पुस्तक, उभी घडी घातलेलं.

तो आत आला, पण बसला नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून काकासमोर उभा राहिला.

"ऐकू आलं व्हतं," तो म्हणाला. "तू हद्दीवरनं ओरडलास ते. मी तिथंच फिल्डिंगला व्हतो. मला पयल्यांदाच ऐकू आलं व्हतं, भोंग्याच्या आधी."

"माहीत हाय," काका म्हणाला. "तू वळून बघितलंस."

"बघितलं."

मला उठून जावंसं वाटलं, पण हलायचा धीर झाला नाही.

"कोन जिंकलं?" काकानं विचारलं.

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. बत्तीस-तेहेतीस वर्षं त्याला हे माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

"आपन," कॅप्टन म्हणाला. "चार रनांनी."

काकानं मान हलवली. मग तो आत गेला आणि मालकांसाठी ठेवलेली वेताची खुर्ची बाहेर घेऊन आला. "बस," म्हणाला. "गुडघे दुखत असतील." कॅप्टन बसला. काका चहाला आधण ठेवायला पुन्हा आत गेला. मी आईला औषध द्यायचंय असं सांगून उठलो.